पेट्रोलचा वास

वास पहिल्यांदा अम्मीला आला. फजरच्या आधी ती उठते, अंगणातल्या नळावर वजू करते आणि नमाज झाली की बंब पेटवते. घरात गीझर आहे, पण अंघोळीला तिला बंबाचंच पाणी लागतं. त्या दिवशी ती काडेपेटी हातात घेऊन तशीच आत आली आणि मला हलवून म्हणाली, "ऊठ जरा. गाडीचा वास येतोय. मी बंब पेटवला नाही."

मी कूस बदलत म्हणालो, "जुनी गाडी आहे अम्मी. जुन्या गाडीला वास यायचाच."

आज हे वाक्य आठवलं की अंगावर काटा येतो. आमचं घर साताऱ्यात, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या उतारावर. अंगणही उतरतं. वरच्या अंगाला गाडी उभी असते आणि खालच्या अंगाला, सांडपाणी जातं त्या कोपऱ्यात, बंब. मधे जेमतेम दहा-बारा फूट. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही, पाण्यासारखी उताराने खाली सरकते. उणे चाळीस अंशाच्या आसपासच्या थंडीतही पेट्रोल पेट घेण्याजोगी वाफ सोडतं. मग साताऱ्याच्या पहाटेचं काय घेऊन बसलात. गाडी ते बंब हा उतार त्या वाफेसाठी तयार रस्ता होता. अम्मीला यातलं काही माहीत नव्हतं. तिला फक्त वास आला आणि तिनं काडी ओढली नाही. अल्लाहचा शुक्र.

गाडी अब्बांची. १९७१ सालची फियाट अकराशे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली उभ्या केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात, इटलीच्या फियाटच्या परवान्यानं बनलेली. १०८९ सीसीचं इंजिन, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. १९७४ साली याच गाडीचं नाव 'प्रीमियर पद्मिनी' झालं आणि काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपात ती सगळ्या देशाला ओळखीची झाली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, तेव्हा आमच्या घरात थोडं सुतक पडल्यासारखंच झालं होतं.

अब्बा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. गाडी त्यांनी दुसऱ्या हातानं घेतली, हप्त्यानं पैसे फेडले आणि मग आयुष्यभर तिची सेवा केली. २०२१ च्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षांच्या गाडीला 'व्हिंटेज' म्हणून वेगळा नंबर मिळतो. पण मग ती रोजच्या कामाला रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली असल्या कामापुरतीच निघते. अब्बा म्हणाले होते, "गाडी चालवायला असते, दाखवायला नाही." म्हणून आम्ही तो नंबर घेतला नाही. अब्बांना जाऊन आता दोन वर्षं झाली. गाडी मी चालवतो. रविवारी बाहेर, मधे कधी मुलीला शाळेत सोडायला, अम्मीला डोळ्याच्या डॉक्टरकडे न्यायला.

तर वास. उजाडल्यावर मी बॉनेट उघडलं. पेट्रोल पंपाच्या पोटाखाली एक थेंब लोंबत होता. मी बघत असतानाच तो खाली पडला आणि त्याच्या जागी दुसरा तयार व्हायला लागला.

ज्यांनी या जुन्या गाड्या पाहिल्या नाहीत त्यांच्यासाठी हा पंप काय असतो ते सांगतो. हल्लीच्या गाड्यांत विजेवर चालणारा पंप टाकीच्या आतच असतो. फियाटमध्ये टाकी मागे, डिकीत, आणि पंप पुढे इंजिनला चिकटवलेला. वाटीएवढा, धातूचा. आत एक पातळ पडदा असतो, त्याला डायफ्राम म्हणतात. इंजिनातला कॅमशाफ्ट फिरला की एक दांडी हलते आणि ती या पडद्याला खाली खेचते. पडदा खाली गेला की मागच्या टाकीतलं पेट्रोल ओढलं जातं. मग खालची स्प्रिंग पडद्याला वर ढकलते आणि तेच पेट्रोल कार्ब्युरेटरकडे जातं. येणाऱ्या वाटेला एक व्हॉल्व्ह, जाणाऱ्या वाटेला एक व्हॉल्व्ह. आपल्या हृदयासारखंच काम. आणि पडद्याच्या खालच्या भागात, पंपाच्या अंगाला, एक बारीक भोक ठेवलेलं असतं. ते मुद्दाम असतं. पडदा फाटला तर पेट्रोल त्या भोकातून बाहेर ठिबकतं आणि मालकाला कळतं की आत फाटलंय.

माझा थेंब बरोबर त्या भोकाशीच लोंबत होता. म्हणजे पडदा फाटला. आणि हा पडदा चारच महिन्यांपूर्वी बदललेला होता. कोणी बदलला? उस्तादनं.

उस्ताद म्हणजे अब्बांचे मिस्त्री. स्टँडच्या मागच्या बोळात त्यांचं पत्र्याचं गॅरेज आहे. सगळे त्यांना उस्ताद म्हणतात, मी चाचा म्हणतो. अब्बांनी तीस वर्षं या गाडीला दुसऱ्या कुणाचा पाना लागू दिला नाही. मार्चमध्ये त्यांनी पंप उघडून नवं किट घातलं होतं. किट म्हणजे पडदा, व्हॉल्व्ह आणि गॅस्केट. फार थोडे पैसे घेतले होते. आता सत्तरी ओलांडलीय, एका डोळ्यात मोतीबिंदू पिकत आलाय, हात थोडा थरथरतो.

मी तिथेच, उघड्या बॉनेटसमोर, निकाल दिला. म्हातारपण. स्क्रू नीट आवळले नसतील, पडदा वाकडा बसला असेल, किट हलकं आणलं असेल. कारणं भराभर सुचत गेली. ज्याच्याबद्दल एकदा मनात आलं, त्याच्याविरुद्ध पुरावे गोळा करायला मनाला किती कमी वेळ लागतो!

मी त्यांच्याकडे गेलो नाही. भांडण नको म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे विचारायचंच नव्हतं, कारण उत्तर माझ्याकडे होतं. गाडी शहराबाहेरच्या एका मोठ्या गॅरेजमध्ये नेली. तिथल्या पोरांनी थेंब पाहिला, "पंप गेला" म्हणाले आणि मुंबईहून नवा पंप मागवला. भाग यायला दोन आठवडे लागले. अडीच हजार पंपाचे, वर मजुरी. जुना पंप त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून मला दिला. मी तो कपाटात ठेवला. कधी वेळ आली तर चाचांना दाखवायला.

वास गेला. मी खूष. अम्मीनं पुन्हा बंब पेटवायला सुरुवात केली. पुढच्या महिन्याच्या तीन तारखेला पहाटे ती पुन्हा आत आली. काडेपेटी हातात तशीच.

या वेळी मी 'जुन्या गाडीला वास यायचाच' म्हणालो नाही. नवा कोरा पंप, आणि थेंब त्याच जागी, त्याच भोकाशी. त्या मोठ्या गॅरेजला फोन केला तर म्हणाले, नवा पंपही कधी कधी खराब निघतो, परत घेऊन या. मी नेला नाही. काहीतरी चुकतंय एवढं कळत होतं, काय ते कळत नव्हतं.

त्या शुक्रवारी जुम्याची नमाज झाली आणि मशिदीच्या पायऱ्यांवर चपला शोधताना चाचा समोर आले. सलाम-दुआ झाली. त्यांनी विचारलं, "गाडी कशी आहे?" मी क्षणभर गप्प झालो. त्यांना माहीत होतं. सातारा केवढं, आणि जुन्या फियाटी उरल्यात किती. मी गाडी दुसरीकडे नेली हे त्यांना पार्टच्या दुकानातून कधीच कळलं असणार. मग मी सगळं सांगितलं. म्हणजे, संशय सोडून सगळं.

त्यांनी ऐकून घेतलं आणि तीन प्रश्न विचारले.

"वास कधी येतो? चालवताना की उभी असताना?"

"उभी असताना. पहाटे."

"टाकी कधी भरतोस?"

"पगार झाला की. गळ्यापर्यंत. अब्बा भरायचे तशी."

"आणि लावतोस कशी? तोंड चढाला की उताराला?"

हा प्रश्न मला विचित्र वाटला. "उताराला. सरळ आत घालतो. रिव्हर्स घ्यायला जड जाते."

चाचा हसले. "तुझे अब्बा कायम रिव्हर्स घालून लावायचे. तोंड चढाला." मग म्हणाले, "गॅरेजला आणू नको. गाडी जिथं रडते तिथंच बघायला लागेल. उद्या रात्री टाकी भर, रोज लावतोस तशीच लाव, खाली वर्तमानपत्र घाल. बंब पेटवू नका. मी परवा सकाळी येतो."

रविवारी फजरनंतर ते आले. हातात छोटी पेटी, बरोबर पोरगा नाही. बॉनेट उघडून ठेवलं आणि दहा मिनिटं नुसते ओट्यावर चहा पीत बसले, साठलेली वाफ निघून जाऊ दे म्हणून. मग पहिल्यांदा बॅटरीची एक वायर काढली. मला वाळूची बादली आणून ठेवायला सांगितली. ही तयारी बघूनच मला कळलं की गेले दोन महिने मी घरादाराला कशाच्या तोंडी ठेवलं होतं.

पंपाला त्यांनी हातच लावला नाही. आधी ऑइलची डिपस्टिक काढली, खूण पाहिली, नाकाला लावली. पडदा फाटला तर पेट्रोल नुसतं बाहेर येत नाही, आत इंजिनाच्या ऑइलमध्येही उतरतं. मग ऑइलची पातळी आपोआप वाढते, ऑइल पातळ होतं, त्याला पेट्रोलचा वास येतो आणि बेअरिंगं खराब होतात. तसं ऑइल असेल तर इंजिन चालूच करायचं नसतं. आमचं ऑइल खुणेवर होतं आणि वास फक्त ऑइलचा होता.

मग कार्ब्युरेटर. त्यातली सुई नीट बसली नाही तर पेट्रोल वरून ओसंडतं आणि खाली पंपावर येतं. बघणाऱ्याला वाटतं पंप गळतोय. कार्ब्युरेटर बाहेरून कोरडा होता. मग पंपाच्या दोन भागांना जोडणारे स्क्रू. एकेक करून बघितले, सगळे आवळलेले. मग त्यांनी कापसाचा बारीक बोळा केला आणि त्या भोकात आत सरकवला. भोकाच्या बाहेरची कड ओली होती. थोड्या वेळानं बोळा बाहेर काढला, तर आतलं टोक कोरडं.

"पडदा चांगला आहे," ते म्हणाले.

"पण थेंब तर तिथंच आहे, चाचा."

तेव्हा ते आमच्या घरातल्या दखनीत म्हणाले, "पेट्रोल नीचे कू बहता, बेटा. गीला जहाँ दिस्ता, फटा वहाँ नै रहता." ओलं जिथं दिसतं, फाटलेलं तिथं नसतं. थेंबाला लोंबायला सगळ्यात खालची जागा लागते. तो कुठूनही निघाला तरी तिथंच येऊन लटकणार. गळती शोधायची असेल तर सगळ्यात खालची ओली जागा नाही, सगळ्यात वरची ओली जागा शोधायची.

त्यांनी फडक्यानं पंप आणि आजूबाजूचं सगळं कोरडं पुसलं. मग विचारलं, "घरात पावडर आहे का? नाहीतर खडू?"

खडू होता. अब्बांच्या कपाटात खडूंचा अर्धा खोका अजून आहे, कुणी टाकलेला नाही. अम्मीनं दोन खडू खलबत्त्यात कुटून दिले. चाचांनी ती पांढरी भुकटी बोटांच्या चिमटीनं पंपावर, नळ्यांवर, जोडांवर सगळीकडे भुरभुरवली. पंप पिठात घोळल्यासारखा दिसायला लागला. मग आम्ही दोघं ओट्यावर बसलो आणि वाट पाहायला लागलो.

मिस्त्री वाट पाहतो हे मी पहिल्यांदाच बघत होतो. त्या मोठ्या गॅरेजमध्ये माझ्या गाडीचं निदान दोन मिनिटांत झालं होतं. खरं सांगायचं तर माझं त्याहून लवकर झालं होतं.

वीसेक मिनिटांनी चाचांनी बोलावलं. टाकीकडून येणारी लोखंडी नळी इंजिनाजवळ संपते आणि तिथून पंपापर्यंत वीतभर रबरी नळी असते. त्या रबरी नळीच्या खालच्या अंगाला, क्लॅम्पच्या अगदी मागे, पांढऱ्यावर एक करडी रेघ उमटली होती. रेघ नळीवरून पंपाच्या डोक्यावर आली, तिथून अंगावरून वळत खाली उतरली आणि भोकाच्या कडेशी जाऊन थांबली. तिथं थेंब तयार होत होता.

मग त्यांनी नळीच्या तिथं फडकं घट्ट गुंडाळलं, सगळं पुसून वाफ जाऊ दिली, बॅटरी जोडली, फडकं काढलं आणि गाडी चालू करायला सांगितली. इंजिन चालू झालं आणि गळती थांबली. नळी कोरडी.

हे कोडं त्यांनी मला सोडवून दिलं. ही नळी पंपाच्या आधीची. इंजिन चालू असताना पंप तिच्यातून पेट्रोल ओढत असतो, म्हणून चिरेतून पेट्रोल बाहेर येत नाही, उलट बाहेरची हवा आत जाते. म्हणून तर खंबाटकीच्या चढाला गाडी गेले काही महिने हिसके देत होती आणि सकाळी चालू व्हायला फार वेळ स्टार्टर मारावा लागत होता. मी तेही म्हातारपणावर घातलं होतं, या वेळी गाडीच्या. इंजिन बंद केलं की ओढ संपते. टाकी भरलेली, गाडीचं तोंड उताराला, म्हणजे टाकी वर आणि पंप खाली. रात्रभर पेट्रोल आपल्या वजनानं पुढे येत राहतं आणि चिरेतून ठिबकतं. महिन्याच्या मध्यावर टाकी अर्धी झाली की पातळी उतरते आणि ठिबकणं थांबतं. नवा पंप बसला तो नेमका महिन्याच्या मध्यावर. वास गेला तो पंपामुळे नाही, टाकी रिकामी झाल्यामुळे. पगार झाला आणि वास परत आला.

चाचांनी क्लॅम्प सैल केला आणि नळी काढून हातात घेतली. बोटांनी दाबून पाहिली. रबर फुगून मऊ झालं होतं, आतून चिकट, आणि क्लॅम्पची कड त्यात रुतून चीर गेली होती. त्यांनी ती उजेडात धरून बघितली आणि शांतपणे म्हणाले, "ही पेट्रोलची नळी नाही. फवारणीच्या पंपाची आहे. ही माझ्या हातची नाही."

नव्हतीच. ती माझ्या हातची होती.

अब्बा शेवटच्या आजारपणात होते तेव्हाची गोष्ट. गाडी बरेच दिवस उभी होती आणि जुनी नळी तडकली होती. चाचा तेव्हा मुलाकडे भिवंडीला गेले होते. मी शेतीच्या औजारांच्या दुकानातून, जाडी बरोबर बसते म्हणून, फूटभर काळी नळी आणली आणि स्वतःच बसवली. क्लॅम्प जीव खाऊन आवळला. दुकानदारानं मला ती फवारणीची म्हणूनच विकली होती, त्याचा काही दोष नाही. आत आलो तर अब्बांनी खाटेवरून विचारलं, "नळी पेट्रोलचीच आणलीस ना?"

मी म्हणालो, "हो."

एवढंच. त्यांना बरं वाटावं म्हणून म्हणालो असं म्हणता येईल. पण तसं नव्हतं. मला पुन्हा बाजारात जायचा कंटाळा आला होता. नंतर अब्बा गेले, त्या गडबडीत मी ती नळी विसरलो, तो 'हो' विसरलो. विसरलो म्हणजे इतका, की पेट्रोल गळायला लागलं तेव्हा ती नळी मी किमान दहा वेळा पाहिली आणि एकदाही ती मला दिसली नाही.

साधी रबरी नळी पेट्रोलला टिकत नाही हे पहिलं. आणि हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल २०२३ पासून पंपांवर यायला लागलं आणि २०२५ पर्यंत देशभर तेच झालं. या गाड्या बनल्या तेव्हा असलं पेट्रोल कुणाच्या डोक्यात नव्हतं. काही जातीची रबरं इथेनॉलनं फुगतात, मऊ पडतात, मग चिरतात. म्हणून जुनी गाडी असलेल्यांना माझं सांगणं आहे: नळी घ्याल ती पेट्रोलसाठीची म्हणून जिच्यावर छापलेलं असतं तीच घ्या, आणि तीही इथेनॉलला चालणारी. पंपाच्या किटचा पडदाही तसाच बघून घ्या. नळ्या दरवर्षी बोटांनी दाबून तपासा. क्लॅम्प बेतानं आवळा, रबर कापेल इतका नाही. गाडीत आग विझवायचा छोटा सिलिंडर ठेवा. आणि घरातल्या कुणी वास येतो म्हटलं, तर त्या माणसाच्या नाकावर विश्वास ठेवा.

चाचांच्या पेटीत चांगली नळी होती. त्यांनी वीतभर कापली, बसवली. पाच मिनिटांचं काम. मग मी कपाटातून ती पिशवी आणली. चाचांना दोषी ठरवायला ठेवलेला जुना पंप. म्हणालो, "चाचा, हा जरा उघडून बघता का?"

मी का विचारतोय ते त्यांना कळलं असावं. त्यांनी ओट्यावर बसून स्क्रू काढले. हात थरथरत होते, पण स्क्रूच्या खाचेत पेचकस पहिल्याच खेपेला बसत होता. पडदा काढून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. मी उजेडात धरला. कुठे भोक नाही, चीर नाही, कडा सरळ बसल्याची गोल खूण. चार महिन्यांपूर्वी बसवला तसाच.

मी माफी मागितली. काय म्हणून मागितली ते नीट सांगता आलं नाही. "मला वाटलं होतं की तुमच्याकडून..." एवढंच निघालं. चाचा फडक्याला हात पुसत म्हणाले, "शेवटचा हात ज्याचा लागला त्याच्याकडे माणूस बघतोच." आणि चहा मागितला.

ते सहज बोलून गेले, मला मात्र ते वाक्य लागलं. कारण ती नजर मला ओळखीची आहे. कुठे काही झालं की तपास व्हायच्या आधी आपल्याकडे वळणारी नजर. नाव ऐकल्यावर घर भाड्यानं द्यायला नकार देताना घरमालकाच्या डोळ्यांत असते ती. रेल्वेच्या डब्यात बॅगेकडे आणि मग दाढीकडे जाते ती. त्या नजरेबद्दल मी इथे किती वेळा लिहिलंय. आधी बघा, मग बोला, असं लोकांना सांगितलंय. आणि माझ्याच अंगणात, माझ्या बापाच्या गाडीसमोर, मी तीस वर्षांच्या ओळखीच्या माणसाकडे तसंच बघितलं. त्याला विचारलंही नाही. बदगुमानी हा शब्द आपण दुसऱ्यांसाठी राखून ठेवतो. माझी तर पिशवीत घालून, गाठ मारून कपाटात ठेवलेली होती.

जुना पंपच आम्ही परत बसवला. नवा आता जादाचा म्हणून डिकीत पडलाय. चाचांनी मजुरीचे पैसे घेतले, पण नळीचे घेतले नाहीत. जाताना म्हणाले, "गाडी रिव्हर्स घालून लावत जा. अब्बांसारखी." त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा तिला उलटी आत घातली. चार वेळा पुढे-मागे करावी लागली, मागचा बंपर जरा भिंतीला घासला. मुलगी हसत होती.

ती फवारणीची नळी मी टाकली नाही. अब्बांच्या खडूच्या खोक्यात ठेवलीय. त्यांना जे 'हो' म्हणालो होतो ते आता दुरुस्त करता येत नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे जाग आली तेव्हा अंगणातून वास येत होता. मी धडपडत उठून बाहेर आलो. अम्मी बंबासमोर बसली होती. जळक्या लाकडाचा धूर होता, दुसरं काही नाही. तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "मी आधी गाडीजवळ जाऊन वास घेतला. मग पेटवला."